आण्णाच्या नावाची पट्टी

मी मोटारी भरतो. म्हणजे विहिरीवरची, बोअरमधली मोटार जळाली की तिची जुनी तार काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, वार्निश पाजायचं आणि परत द्यायची. केज तालुक्यातल्या युसूफ वडगाव या गावात माझं पत्र्याचं दुकान आहे. मोटार आली की मी आधी चिठ्ठी लिहितो. मालकाचं नाव, गाव, किती पॉवरची. ती चिठ्ठी तारेनं मोटारीच्या मानेला बांधतो, मगच पाना हातात घेतो. कारण एकदा दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती आणि एकाची मोटार दुसऱ्याच्या बोअरात उतरली होती. तासाभरात जळाली. तेव्हापासून गिऱ्हाईक कितीही घाईत असो, चिठ्ठीशिवाय मी हात लावत नाही. लोक हसतात. हसू देत.

एवढं सांगायचं कारण, असा हा चिठ्ठीवाला माणूस मागल्या वर्षी तीन दिवस दुसऱ्याची चिठ्ठी मनगटाला बांधून दवाखान्यात पडला होता. मला लिहायची सवय नाही. पण मुक्ता, माझी बायको, म्हणाली, "लिहा. लई लोक हेच करायलेत. कुणाचा तरी जीव वाचंल." म्हणून लिहितोय.

*

दुखणं उजव्या बरगडीखाली सुरू झालं. कळ यायची ती पाठीतून खांद्यापर्यंत जायची. मग उलटी. पित्त झालं असेल म्हणून सोडा प्यायचो आणि कामाला बसायचो. तीन महिने अंगावर काढलं. अंगावर काढण्याला आमच्याकडं मर्दपणा समजतात. खरं तर त्यात अर्धा आळस असतो आणि अर्धी भीती.

शेवटी केजला सोनोग्राफी केली. डॉक्टर तरुण होता, आधी माझ्याशी पावसापाण्याचं बोलत होता. पडद्याकडं बघता बघता गप्प झाला. डॉक्टर बोलत असला की जिवाला बरं वाटतं. तो गप्प झाला की माणूस स्वतःच पडद्याकडं बघायला लागतो, कळत काही नसलं तरी.

"खडे आहेत," तो म्हणाला. "पित्ताच्या पिशवीला सूज पण आहे. ती काढावी लागेल. लवकर."

गावात बातमी पोचली तेव्हा शेजारच्या बायका ओट्यावर हसल्या. "आता बाप्यांच्या बी पिशव्या काढाया लागले का गं?" आमच्या भागात पिशवी काढली म्हणजे बाईची, गर्भाची. ऊसतोडीला जाणाऱ्या, न जाणाऱ्या, घरटी एक तरी असते. मीही हसलो. मुक्ता हसली नाही. तिची बत्तिसाव्या वर्षीच काढली होती. पोट दुखतंय म्हणून गेली, तर एका डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली आणि दुसऱ्या दिवशी आत घेतली. मी बाहेर चहा पीत बसलो होतो. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही आणि मीही कधी विचारलं नाही. आता लाज वाटते, पण खरं तेच आहे.

*

जवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. ऑपरेशन करणारे डॉक्टर होते, टेबल होतं, वरचा मोठा दिवा होता. भूल देणारा नव्हता. एकाची बदली झाली होती आणि दुसरा अजून यायचा होता. तिथला म्हातारा शिपाई मला म्हणाला, "कापणारा हाय, शिवणारा हाय, झोपवणारा न्हाई. तीन हप्त्यांनी या. आला तर आला."

आठ दिवसांत ताप भरला. डोळे पिवळे दिसायला लागले. तीन हप्ते काही आपल्याला मिळत नाहीत, हे मला आरशातच कळलं.

एक खाजगी दवाखाना होता. तिथं सरकारी योजनेच्या कार्डावर ऑपरेशन फुकट होत होतं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं त्यात पहिली चूक आमचीच होती. योजनेच्या काउंटरवरच्या माणसानं अंगठा मागितला. मी यंत्रावर ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला, लाल. दहाही बोटं झाली. तीस वर्षं तार ओढून आणि वार्निशात बुडवून माझ्या बोटांच्या रेषा गेल्यात. रेशनलासुद्धा मुक्ताचाच अंगठा चालतो. आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला.

"तुम्ही तुम्हीच आहात हे यंत्राला पटत नाही," काउंटरवाला म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "घरात दुसऱ्या कुणाचं कार्ड असंल तर बघा."

माझा थोरला भाऊ भगवान, आम्ही त्याला आण्णा म्हणतो, माझ्या मागंच उभा होता. दोन वर्षांनी मोठा. तेच नाक, तेच टक्कल. लहानपणी मास्तरसुद्धा चुकायचे. त्यानं कार्ड काढलं, अंगठा टेकवला, हिरवा दिवा लागला.

"अंगठा माझा, पोट तुझं," आण्णा म्हणाला. "काय बिघडतंय?"

मला तेव्हा आण्णाचा एवढा आधार वाटला की डोळ्यांत पाणी आलं. तो आधार खोटा नव्हता, हेही सांगून ठेवतो. भावासाठी एवढं कोण करतं?

सिस्टरनं माझ्या मनगटाला प्लास्टिकची पट्टी बांधली. तिच्यावर आण्णाचं नाव.

*

दवाखान्यातला दिवस हाकांनी चालतो. सकाळी ताप बघायला हाक, रक्ताला हाक, गोळीला हाक. "भगवान!" सिस्टर ओरडायची आणि मी आढ्याकडं बघत पडून राहायचो. शेजारच्या खाटेवर चौसाळ्याचे एक काका होते, अपेंडिक्सचे. ते म्हणायचे, "आवो, तुमाला बोलवायलेत." मग मी दचकून हात पुढं करायचो. दुसऱ्या दिवशी काका माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघायला लागले. मी कूस बदलली. कूस बदलली की कळ यायची, तरी बदलली.

खरी भीती सुरू झाली ती फाइलीमुळं. चार वर्षांपूर्वी आण्णाचं हर्नियाचं ऑपरेशन याच दवाखान्यात झालं होतं. ती जुनी फाइल काढून माझ्या खाटेला अडकवली. म्हणजे माझ्या उशाशी आण्णाचा सगळा इतिहास टांगला होता, त्याचं वजन, त्याचं रक्त, त्याला चाललेली औषधं.

दुपारी सिस्टर दोन कागद घेऊन आली. "मागच्या वेळी तुमचं रक्त ओ पॉझिटिव्ह होतं," ती म्हणाली. "आता बी पॉझिटिव्ह आलंय. रक्तगट बदलत असतो का हो?"

मी म्हणालो, "मला काय कळतंय त्यातलं, ताई."

तिनं परत रक्त नेलं. परत बी पॉझिटिव्हच आलं. मग तिनं जुन्या फाइलीवरचं ओ खोडलं आणि लाल शाईनं बी लिहिलं. "मागच्यांनीच चुकवलं असणार," असं स्वतःशीच म्हणाली. तिची काही चूक नव्हती. समोरच्या माणसाच्या अंगातून स्वतःच्या हातानं दोनदा काढलेल्या रक्तावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा? पण त्या लाल शाईनं आण्णाच्या फाइलीत माझं रक्त शिरलं.

*

आता एका सुईचं सांगतो. पाच वर्षांपूर्वी पायाला पत्रा लागला होता. गावातल्या डॉक्टरनं एक सुई दिली आणि घटकाभरात माझे ओठ सुजले, घसा आवळला, श्वास आत जाईना. त्यानं धावपळ करून दुसरी सुई दिली म्हणून वाचलो. नंतर त्यानं एका चिठ्ठीवर त्या औषधाचं नाव लिहिलं, वर माझं नाव लिहिलं आणि मुक्ताला बजावलं, "हे जपून ठेव. कुठल्याही दवाखान्यात आधी ही चिठ्ठी दाखवायची."

मुक्तानं जपली होती. येताना पदराच्या गाठीत बांधून आणली होती. पण दाखवणार कशी? चिठ्ठीवर सुदाम लिहिलेलं, पट्टीवर भगवान.

सकाळच्या फेरीला मोठे डॉक्टर आले. फाइल चाळून म्हणाले, "उद्या ऑपरेशनआधी ही सुई देऊ. मागच्या वेळी हीच दिली होती, काही त्रास नाही." त्यांनी सुईचं नाव घेतलं. तेच नाव.

मी म्हणालो, "साहेब, ती सुई नको."

"का? सुईला भिता होय?" ते हसले. बरोबरचेही हसले आणि फेरी पुढं गेली. लोकांच्या मोटारी दुरुस्त करताना मी कुणाला बोलू देत नाही. तिथं मला स्वतःच्या अंगाबद्दल एक वाक्य धड बोलता आलं नाही.

चहाच्या गाड्यावर मी आण्णाला सांगितलं. कळ दाबून भिंतीला टेकलो होतो. आण्णाचा चेहरा उतरला. मग तो चिडला. घाबरला की आण्णा चिडतोच.

"आता तोंड उघडशील तर दोघं बी आत जाऊ बे! पोलीस केस व्हईल. अन् ऑपरेशन बी जाईल. पाच वर्षांमागची गोष्ट हाय, आता सोसंल की."

"अन् न्हाई सोसली तर?"

"डॉक्टर असत्यात ना तिथं. मरू देतेत का?"

मुक्ता थोडी लांब उभी होती. ती आम्हा दोघांना एवढंच म्हणाली, "लाल दिवा लागला तवाच घरी जायला पायजे होतं." आण्णा तिच्याकडं न बघता निघून गेला. मी तिला म्हणालो, आत गेल्यावर डॉक्टरला हळूच सांगीन. तिनं पदराची गाठ चाचपली. तिला माझा स्वभाव माहीत आहे.

*

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मला स्ट्रेचरच्या गाडीवर घालून नेलं. एका बाजूनं मुक्ता चालत होती. आण्णा आला नव्हता. भगवान गाडीवर असताना दुसरा भगवान बरोबर कसा चालणार? तो खाली झाडाखाली बसला होता.

दाराशी ऑपरेशनच्या खोलीची सिस्टर उभी होती. तिच्या हातात प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद होता. गाडी आत जायच्या आधी ती तो वाचून दाखवणार होती. "हा कागद जगभर असाच वाचतात," ती म्हणाली. "कंटाळा करू नका. तुमच्याच जिवासाठी आहे. तुमचं पूर्ण नाव तुमच्या तोंडानं सांगा."

मी आण्णाचं नाव सांगितलं. वडलांचं नाव आणि आडनाव तर एकच, त्यामुळं दोन तृतीयांश खरंच बोललो असं मनाला समजावलं.

"कशाचं ऑपरेशन?"

"पित्ताच्या पिशवीचं."

"कुठल्या औषधाचा, सुईचा कधी त्रास झालाय? अंग सुजलं, दम लागला, असं काही?"

आतल्या दिव्याचा उजेड दाराच्या फटीतून येत होता. टेबलाशेजारी ट्रे होता. ट्रेमध्ये सुई भरून ठेवलेली होती. मला ती दिसत होती. मी एवढाच विचार करू शकलो की हो म्हणालो तर सिस्टर फाइल बघणार, फाइल बघितली की लाल शाई बघणार, आणि मग पोलीस, आणि मग तीच कळ घेऊन परत घरी. त्या कळेला मी इतका भ्यालो होतो की मरणाची भीती तिच्यापुढं लहान झाली होती. ज्याला असं दुखलंय त्यालाच हे कळेल.

"न्हाई," मी म्हणालो.

सिस्टरनं कागदावर खूण केली. गाडी हलली.

"थांबा," मुक्ता म्हणाली. तिनं गाडीचा दांडा धरला होता. "ह्यांचं नाव सुदाम हाय."

आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. आता पोरी घेतात, मुक्ताच्या वयाच्या घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, तेही इतकं हळू की मला ऐकू आलं नव्हतं. एकतीस वर्षांत माझं नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं ते त्या दारात. आवाज चिरका होता. तिनं ते दुसऱ्यांदाही म्हटलं. "सुदाम. भगवान न्हाई. भगवान ह्यांचे थोरले भाऊ हायेत, खाली बसलेत." आणि पदराची गाठ दातानं सोडून तिनं चिठ्ठी पुढं केली.

भूल देणाऱ्या डॉक्टर, वयस्कर बाई होत्या, आतून बाहेर आल्या. त्यांनी चिठ्ठी वाचली. मग आत जाऊन ट्रेमधली सुई उचलली, तिच्यावरचं नाव वाचलं, परत चिठ्ठी वाचली. मग सुई बाजूला ठेवली.

"कळतंय का तुम्हाला?" त्या मला म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, त्यामुळं जास्त भीती वाटली. "तुम्ही या टेबलावर गेला असता आणि मृत्यूचा दाखला तुमच्या भावाच्या नावानं निघाला असता. कागदावर तो मेलेला, आणि जळणार तुम्ही."

मी रडायला लागलो. हुंदक्यानं पोटात कळ आली तरी थांबेना.

*

ऑपरेशन झालं नाही. मोठे डॉक्टर संतापले. काउंटरवाला कधी गायब झाला ते कळलं नाही. पोलीस मात्र आले नाहीत. माझ्या मनगटावरची पट्टी कात्रीनं कापली तेव्हा मला एकदम थंडी वाजली. त्याच बाई डॉक्टरनी स्वतः फोन लावून एका मोठ्या सरकारी दवाखान्यात खाट मिळवून दिली आणि त्या चिठ्ठीची नक्कल करून माझ्या कागदांना टाचली. त्यांचे उपकार कसे फेडायचे मला माहीत नाही. त्यांच्या घरची मोटार कधी जळाली तर कळवा, असं मी म्हणालो. तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

त्या मोठ्या दवाखान्याकडं नेणाऱ्या गाडीत, झोपल्या झोपल्या, मी मुक्ताला विचारलं, "भ्या न्हाई वाटलं तुला?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "मला आत नेलं तवा कुणी नाव इचारलं न्हाई," ती म्हणाली. "सात-आठ जणी बसलो होतो. आतून हाक आली, त्या हिरव्या लुगड्याच्या बाईला घ्या. मी माझं नाव सांगायलेच तर म्हणले, गप पड. ती बाई तरी नाव इचारायली होती तुमाला. अन् तुमी खोटं सांगायलेत."

वीस वर्षांनी ती त्या दिवसाबद्दल बोलली. मी तिचा हात धरला. दुसरं काय करणार होतो?

मोठ्या दवाखान्यात ताप उतरेपर्यंत पाच दिवस थांबवलं. वॉर्डात पंखा नव्हता, पाणी खालून आणावं लागायचं, एका खाटेवर कधी दोघं. पण दाराशी तिथंही तोच कागद होता आणि मी सगळं खरं सांगितलं. पिशवी काढली तेव्हा आत पू झाला होता. अजून आठवडा गेला असता तर पिशवी पोटातच फुटली असती, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

*

मी बरा आहे. तेलकट चालत नाही, जड मोटार उचलत नाही. एवढ्यावर भागलं.

आण्णा दोन महिने बोलत नव्हता. "तुझ्या बायकोनं माझं नाव चावडीवर आणलं," म्हणायचा. मग दिवाळीला आला, बसला, चिवडा खाल्ला. त्याचं कार्ड चालूच आहे. त्या दवाखान्यात प्रकरण तिथल्या तिथं मिटवलं, त्यात त्यांचंही हित असावं. मी मध्ये जाऊन सांगितलं की भावाची फाइल तेवढी नीट करा. काउंटरवर दुसरा माणूस होता. म्हणाला, ज्याची फाइल त्यानंच यायला पाहिजे.

आता या महिन्यात आण्णाचा हर्निया परत बाहेर आलाय. त्याच दवाखान्यात, त्याच कार्डावर, सोमवारी घेणार आहेत. आण्णाच्या फाइलीवर अजून लाल शाईनं माझं रक्त लिहिलेलं आहे. आतल्या पानावर माझे खडे आहेत.

मी त्याला म्हणालो, "आण्णा, आधी ते खोडून घे."

"कशाला उकरून काढायचं बे? कार्ड बंद पडंल. रक्त द्यायच्या आधी परत तपासत्यात ते."

तपासत असतील. तपासणारा त्या दिवशी हजर असेल, दमलेला नसेल, घाईत नसेल. मी हे स्वतःला रोज सांगतो आणि दुकानात चिठ्ठी बांधताना माझा हात थांबतो.

काल मुक्ताला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थोरल्या दिराचं नाव घेणं आमच्याकडं नवऱ्याचं नाव घेण्यापेक्षा वाईट, आणि त्या दारात तिनं तेही घेतलं होतं. त्यांच्यासमोर ती अजून डोक्यावरचा पदर ढळू देत नाही.

"मी येते सोमवारी," ती म्हणाली. "दाराशी ते गप बसले तर मी सांगन. एकदा बाटलंय तोंड. तुमी चिठ्ठी लिहून द्या."

मी लिहून दिली. भगवान, गाव, रक्त ओ पॉझिटिव्ह, पित्ताची पिशवी जागेवर आहे. तिनं हात पुसून ती वाचली. मग पदराला गाठ मारता मारता ते नाव मनातल्या मनात म्हणून बघितलं. आवाज आला नाही, फक्त ओठ हललेले मला दिसले.